निशाणी १४

ज्या दिवशी संध्याकाळी बाईंची शोकसभा होती, त्याच दिवशी सकाळी अकराला, त्या कोर्टात ज्यांना सोबत करायच्या त्यातल्या एका मुलीची साक्ष लागली होती. ठरवून केलेलं काही नाही. तारीख कोर्टाची, आणि सभेसाठी हॉल मोकळा मिळाला तोही नेमका त्याच दिवशी. बाई जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

जिल्हा कुठला ते लिहीत नाही. मुलीचं वय, गाव, आरोपीशी नातं, यातलंही काही लिहिणार नाही. एखादा तपशील आलाच तर तो बदललेला आहे असं समजा. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ३३(७) मध्ये मुलाची ओळख म्हणजे त्याचं कुटुंब, शाळा, नातेवाईक, शेजारपाजार सगळं धरलेलं आहे, आणि कलम २३ मध्ये ती छापणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. बाईंचं नाव लिहायला कायद्याची आडकाठी नाही. पण नाव लिहिलं की तालुका कळतो, आणि तालुका कळला की बाई कुणाला घेऊन एसटीतून उतरायच्या ते आठवणारी माणसं निघतात. म्हणून त्या इथे नुसत्या 'बाई'. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेला आमच्याकडे शेवटपर्यंत बाईच म्हणतात. मुलं मात्र आजी म्हणायची.

मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकारी आहे. पद ऐकायला भारदस्त, नोकरी कंत्राटी. दुभाषे, विशेष शिक्षक आणि सहाय्यक व्यक्ती यांची जी नोंदवही प्रत्येक जिल्ह्याने ठेवायची असते, ती माझ्या कपाटात असते. तिच्यात बाईंचा अनुक्रमांक तिसरा.

सहाय्यक व्यक्ती म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आधी ती काय नाही ते सांगणं सोपं. ती वकील नाही, पोलीस नाही, समुपदेशक नाही. लैंगिक अत्याचाराची तक्रार झाली की बाल कल्याण समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने एक माणूस त्यांच्याबरोबर देते. तपास, वैद्यकीय तपासणी, दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, खटला आणि नुकसानभरपाई, एवढ्या सगळ्या वाटेवर त्या माणसाने सोबत राहायचं. कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून आहे, आत्ताचे नियम ९ मार्च २०२० पासून. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर सांगितलं, की असा माणूस द्यायचा की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडू नका. तोवर आमच्याकडे पालकांना छापील कागद पुढे करून "सपोर्ट पर्सन पाहिजे का?" असं विचारायची पद्धत होती. ज्या बापाला काल रात्रीपर्यंत एफआयआर शब्द माहीत नव्हता, तो आणखी एक अनोळखी माणूस घरात कशाला घेईल? "नको" म्हणायचा. आम्ही "नको" वर टिकमार्क करून मोकळे.

बाईंचं काम मी सहा वर्षं जवळून पाहिलं. त्यांचं कौतुक करताना लोक 'माया' हा शब्द फार वापरतात. मला त्यात माया कमी आणि कसब जास्त दिसायचं.

उदाहरणार्थ, एसटी. आरोपी बहुतेक वेळा गावातलाच, भावकीतला किंवा शेजारचा असतो. जामिनावर सुटलेला असला तर तारखेला तोही कोर्टात येतो, त्याची माणसं येतात, आणि गावातून जिल्ह्याला सकाळची सोयीची गाडी एकच असते. कोर्टात मुलीला आरोपी दिसू नये म्हणून कलम ३६ आहे. गाडीत दोघं एकाच बाकावर येऊ नयेत म्हणून काहीही नाही. बाई आदल्या आठवड्यात वेळापत्रक बघून त्या कुटुंबाला एक गाडी आधीची सांगायच्या, आणि स्वतः मधल्या थांब्यावर चढायच्या. कोर्टापुढच्या चहाच्या टपरीवर थांबायचं नाही, कारण सगळे पक्षकार तिथेच असतात. मागच्या दाराने रेकॉर्ड रूमच्या बोळातून आत यायचं. परततानाही आरोपीच्या माणसांची गाडी गेल्यावर पुढची.

दुसरं उदाहरण पडद्याचं. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपी दिसता कामा नये, पण आरोपीला साक्ष ऐकू आली पाहिजे आणि आपल्या वकिलाशी बोलता आलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. त्यासाठी कॅमेरा, एकाच बाजूने दिसणारी काच किंवा पडदा. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अशा साक्षीदारांसाठी वेगळं केंद्र करायला सांगितलं. आमच्याकडे त्या नावाची खोली आहे, पण तिथल्या माइकमधून आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, म्हणून बहुतेक साक्षी पडद्यावरच भागतात. हिरवा, दवाखान्यातला, चाकांचा पडदा. तो जमिनीपासून वीतभर वर असतो. पहिल्यांदा तो लावला तेव्हा एक मुलगा बोलता बोलता गप्प झाला आणि खाली बघत राहिला. पलीकडच्या चपला त्याने ओळखल्या होत्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही, बाईंच्या आलं. त्यानंतर त्या पिशवीत एक जुनी सोलापुरी चादर आणि सहा मोठ्या सेफ्टी पिना ठेवायच्या. पडद्याला खालून चादर टाचायची. शिवाय पलीकडची ट्यूबलाइट बंद करायला सांगायची, नाहीतर सावली दिसते. हे कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत नाही.

पिशवीत आणखी काय असायचं: समितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि तीन झेरॉक्स. नेमणूक झाली की पोलिसांनी चोवीस तासांत विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. ते पत्र पोलीस ठाण्याच्या आवक-जावकमध्येच झोपतं, आणि ऐन तारखेला दारावरचा शिपाई विचारतो, "तुम्ही कोण?" एक प्रत शिपायाला दाखवायला, एक सरकारी वकिलांना, एक पैरवी अंमलदाराला, म्हणजे कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसाला. मग पाण्याची बाटली, मुलाचे जादा कपडे, सॅनिटरी पॅड, रुमाल, कोरी वही, रंगीत पेन्सिली. चॉकलेट कधीच नाही. खेळणं नाही, नवा फ्रॉक नाही. भूक लागली तर बिस्किटाचा पुडा आईने घ्यायचा, पैसे आईने द्यायचे. उलटतपासात "या बाईंनी तुला खाऊ दिला ना?" एवढा एकच प्रश्न पुरे होतो. पुढचं सगळं पढवलेलं ठरवायला बचावाला तेवढा धागा पुरतो.

आणि सर्वांत मोठं कसब न विचारण्याचं. पहिल्या भेटीत बाई मुलाला सांगायच्या, "काय झालं ते मला सांगायचं नाही हं. ते ऐकायला दुसरी माणसं आहेत. मी फक्त बरोबर." मूल आपणहून बोलायला लागलं तर थांबवायचं नाही, पण पुढचा प्रश्नही विचारायचा नाही. 'मग?' हासुद्धा प्रश्नच. ऐकलेले शब्द जसेच्या तसे, वेळ घालून लिहायचे. नवीन काही असलं तर त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला आणि समितीला कळवायचं. मुलगी कुठल्या अवयवाला काय म्हणते, हे मात्र त्या आईकडून आधीच लिहून घ्यायच्या आणि सरकारी वकिलांना द्यायच्या. बोलीतला शब्द टंकलेखनात 'गुप्तांग' होऊन बसला की मुलीने नेमकं काय सांगितलं तेच हरवतं.

साक्षीला खुर्ची कुठे ठेवायची यावरही त्यांचं मत होतं. मुलाच्या बाजूला, पण अर्धी मागे. मुलाला मान वळवल्याशिवाय चेहरा दिसणार नाही, पण कोपर हलवलं तर हाताला हात लागेल. समोर बसलं तर वकील म्हणणार, खुणा करतात. अगदी मागे बसलं तर मूल सारखं मागे बघणार. उत्तर चालू असताना स्पर्श नाही, मान हलवणं नाही, हुंकार नाही. नव्या सहाय्यक व्यक्तींचं प्रशिक्षण घेताना मी ही खुर्ची फळ्यावर काढून दाखवतो. बाईंनी मला ती माझ्या ऑफिसातल्या खुर्च्या सरकवून दाखवली होती.

बाई गेल्या त्या हृदयविकाराने, झोपेत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तातडीचे तीन विषय होते. त्यातला एक या मुलीचा. सहाय्यक व्यक्ती मरण पावली तर नेमणूक आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. समितीचा नवा आदेश लागतो, मुलीची आणि पालकांची नवी संमती लागते, पोलिसांचं कोर्टाला नवं पत्र लागतं. समितीत अध्यक्ष धरून पाच जण. अंतिम आदेशाला किमान तिघं बसलेले लागतात, आणि त्या आठवड्यात दोघं प्रशिक्षणाला. तारीख वाढवून घ्यावी असं मला आधी वाटलं. सरकारी वकील म्हणाले, नको. या साक्षीची ही तिसरी तारीख होती. पहिल्या वेळी बचावाचे वकीलसाहेब आजारी, दुसऱ्या वेळी आरोपीला तुरुंगातून आणायला गार्ड नाही. दोन्ही वेळा मुलगी बाईंबरोबर येऊन दिवसभर बसून परत गेली होती. कोर्टाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची, असं कायदा सांगतो. इथे दोन वर्षं उलटली होती. तिला चौथ्यांदा बोलावणं म्हणजे आपणच तिला छळणं. मला ते पटलं, अजूनही पटतं.

नवी नेमणूक एका तरुण ताईची झाली. समाजकार्यात पदवी, वागायला नेमस्त, मुलांशी बोलायला चांगली. साक्षीआधी मुलीशी तिच्या दोन भेटी झाल्या. एकदा कोर्ट सुटल्यावर रिकामं दालन दाखवलं: साहेब इथे बसतात, टायपिंग करणाऱ्या ताई इथे, बाथरूम तिकडे. मी तिला आदेश दिला, दोषारोपपत्रातला आवश्यक तेवढा भाग दिला, गाडीची वेळ सांगितली, चादर आणि पिना दिल्या.

बाईंची वही दिली नाही.

वही बाईंच्या मुलाने पाचव्या दिवशी आणून दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून. "आईनं सांगितलेलं, ही कुणी उघडायची नाही, ऑफिसला द्यायची." दोनशे पानी, आत एकही नाव नाही, नुसते केस क्रमांक, बाईंनी मला एकदा दाखवली होती. तीसेक मुलांचं सगळं तिच्यात. नियमानुसार सहाय्यक व्यक्तीने आपल्याला कळलेली प्रत्येक गोष्ट गोपनीय ठेवायची असते. बाकीच्या मुलांची पानं या ताईने का बघायची? मी का बघायची? मी ती पाकिटात घालून सील केली, पाकिटावर सही-तारीख टाकली आणि कपाटात ठेवली. तेव्हा मला आपण फार जबाबदारीने वागलो असं वाटलं होतं.

साक्षीच्या दिवशी पुकारा वेळेत झाला, ही त्यातल्या त्यात नवलाची गोष्ट. सुनावणी बंद दालनात. आत न्यायाधीश, लघुलेखक, दोन्ही वकील, पडद्याआड आरोपी आणि गार्ड, मुलगी, आई, नवी ताई. मी बाहेर बाकड्यावर. आत काय विचारलं आणि तिने काय सांगितलं, ते मला माहीत असलं तरी लिहायचं नाही. लिहितो ते एका खोडरबराबद्दल.

लहान साक्षीदाराला मध्ये मध्ये विश्रांती द्यायची, असं कलम ३३(३) सांगतं. पण ती हवी आहे हे मुलाने कसं सांगायचं? मोठ्या माणसांच्या खोलीत, काळ्या कोटांपुढे, "मला थांबायचंय" असं म्हणायला मोठ्यांनासुद्धा धीर होत नाही. बाईंनी यावर एक तोड काढली होती. मुलाच्या हातात एक खोडरबर द्यायचं. साधं, पाच रुपयांचं, पांढरं. बोलताना हातात काहीतरी कुरवाळायला बरं पडतं. थांबावंसं वाटलं की ते टेबलावर ठेवायचं, बोलायची गरज नाही. आणि ही छुपी खूण ठरू नये म्हणून त्या आधीच्या तारखेला सरकारी वकिलांमार्फत चार ओळींचा अर्ज द्यायच्या, बचावाच्या वकिलांचं म्हणणं घ्यायच्या, साहेबांची सही घ्यायच्या. मग ती खूण राहत नाही, कोर्टाने मान्य केलेली पद्धत होते. याही खटल्यात पहिल्या तारखेला तसा अर्ज झाला होता. मंजूर. कोर्टाच्या फाइलीत त्या कागदाला पडलेला क्रमांक, निशाणी १४.

मधल्या मे महिन्यात न्यायाधीशांची बदली झाली. सरकारी वकिलांकडे त्या दिवशी बोर्डावर सात प्रकरणं. नव्या ताईला कुणी सांगितलेलं नाही. मुलीने आदल्या दोन्ही वेळचं खोडरबर जपून ठेवलेलं, घरून येताना घेऊन आलेली. ताईला ते दिसलं. तिला वाटलं, असेल तिचं काहीतरी लाडकं. मुलीलाही वाटलं असणार, की आजींच्या जागी आलेल्या माणसाला हे माहीत असणारच.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांकडचे प्रश्न, नीट झाला. उलटतपास सुरू झाला. प्रश्न वकिलांनी थेट मुलाला विचारायचे नसतात. ते न्यायाधीशांना सांगायचे आणि न्यायाधीशांनी विचारायचे. नवे साहेब ते काटेकोर पाळतात, आवाजही मऊ आहे. या कोर्टाबद्दल माझी काही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहितो. उलटतपासाच्या थोड्या वेळाने मुलीने खोडरबर टेबलावर ठेवलं. कुणी काही केलं नाही. तिने ते परत उचललं, परत ठेवलं. पुढचा प्रश्न आला. ती म्हणाली, "आठवत नाही." त्याच्या पुढच्यालाही तेच. असं चार वेळा. त्यातल्या दोन गोष्टी तिने तासाभरापूर्वी सरतपासात स्वतः सांगितल्या होत्या.

पाचव्या प्रश्नाला टायपिंगचा आवाज थांबला. आमच्या कोर्टाच्या लघुलेखक ताई फार सावकाश टाइप करतात, असं मी अनेकांना बोललो आहे. ते शब्द मी इथे परत घेतो. त्या उठून म्हणाल्या, "साहेब, निशाणी चौदा एकदा पाहावी." साहेबांनी फाइल मागे उलटली, अर्ज वाचला, टेबलावरच्या खोडरबराकडे पाहिलं आणि पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने आईला विचारलं, "आधी का नाही थांबले?" हे मी बाकड्यावरून ऐकलं. म्हणजे हे बंद दालनातलं नाही.

सुट्टीनंतर ती व्यवस्थित बोलली. फेरतपासात सरकारी वकिलांनी एक प्रश्न घेतला. सुचवणारा प्रश्न फेरतपासात चालत नाही, त्यामुळे जेवढं घेता येतं तेवढंच घेतलं. पण ती चार 'आठवत नाही' कागदावर आहेत. युक्तिवादाच्या वेळी बचाव ती ओळीने वाचून दाखवणार, आणि त्यात वकिलाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याचं काम ते आहे. साहेबांना त्या चार ओळींचं कारण माहीत आहे, कारण ते त्या खोलीत होते. पुढे अपिलात कागद वाचणाऱ्याला ते कसं कळणार? रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, सुट्टी दिल्याची आणि निशाणी १४ पाहिल्याची नोंद झाली, एवढं हायसं. त्याच रोजनाम्यात सुरुवातीला एक ओळ आहे: आधीच्या सहाय्यक व्यक्ती मयत झाल्याने नवीन नेमणुकीचे पत्र हजर. बाईंचा मृत्यू कोर्टाच्या दप्तरात नोंदला गेला तो इतकाच.

कोर्ट सुटल्यावर मी ऑफिसात जाऊन ते पाकीट फोडलं. समितीच्या अध्यक्षांना फोन केला, त्यांची परवानगी घेतली, आणि फक्त त्या एका क्रमांकाची पानं उघडली. साडेतीन पानं होती. पहिल्याच पानावर, चौकटीत: "रबर टेबलावर = सुट्टी. अर्ज दिला, नि. १४. न विसरता नवीन साहेबांना दाखवणे." खाली आणखी: पंख्याच्या खाली बसवू नये, आवाजाने दचकते. 'शाब्बास' म्हणू नये, तो म्हणायचा. नऊच्या आधी काही खात नाही, पोहे बरोबर घ्यावेत. आईला उलटतपासाआधी बाहेर नेऊन पाणी पाजावं, ती रडली की ही गप्प होते.

'शाब्बास.' आम्ही सगळ्यांनी तिला दिवसभर शाब्बास म्हटलं होतं. मीसुद्धा.

सभा साडेपाचला. हॉल भरला होता, ते बघून बरं वाटलं. फोटो, हार, उदबत्ती. मागे एक फ्लेक्स, त्यावर गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या मुलीची काळी आकृती. असलं चित्र बाईंना खपत नसे. आमच्याच कार्यालयाच्या भिंतीवरचं तसलं पोस्टर त्यांनी एकदा मला काढायला लावलं होतं: "बघून मूल काय म्हणेल? आता मी आयुष्यभर असंच बसायचं?" फ्लेक्स कुणी छापला ते मला माहीत आहे, हेतू वाईट नव्हता.

सभेच्या आदल्या दिवशी मला आयोजकांपैकी एकांचा फोन आला होता. "बाईंनी मदत केलेली दोन-तीन मुलं बोलावता येतील का? दोन शब्द बोलतील. चेहरे झाकू हवं तर." मी नाही म्हणालो. "मग आता मोठी झालेली एखादी?" नाही. "निदान आई-वडील?" मी कलम वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही सरकारी माणसं फार ताठ." असू देत. पण त्याच रात्री या मुलीच्या आईचाही फोन आला होता, "साहेब, उद्या साक्ष झाल्यावर थांबू का आम्ही सभेला? शेवटी बसते गुपचूप." तिलाही मी नाही म्हणालो. तालुक्यातली माणसं येणार, कोण कुणाला ओळखेल सांगता येत नाही. ती "बरं" म्हणाली. हॉलमध्ये दीडशे माणसं होती, आणि ज्यांच्यासाठी बाईंनी इतकी वर्षं एसटीचे धक्के खाल्ले त्यांच्यातलं कुणी नव्हतं. असू शकत नव्हतं. निवृत्त शिक्षकाच्या सभेला विद्यार्थी उठून बोलतात, डॉक्टरच्या सभेला पेशंट. या कामात नाव घेऊन आभार मानायला कुणी उभं राहू शकत नाही.

भाषणं झाली. अनाथांची माय, दीनांची सावली, ज्योत, पणती. बाईंच्या शाळेतले जुने सहकारी चांगलं बोलले, कारण ते हजेरीपटाबद्दल आणि तालुक्याच्या क्रीडास्पर्धांबद्दल बोलले. एक पाहुणे कायद्यावर बोलले आणि शिक्षेचे आकडे चुकीचे सांगून गेले. शेवटी कुणीतरी पैरवीच्या हवालदारांना आग्रह केला. ते उभे राहिले, टोपी हातात, म्हणाले, "बाईंची केस असली की मला साक्षीदार शोधत फिरावं लागत नव्हतं. दहाला या म्हटलं की पावणेदहाला मागच्या दारात." आणि बसले. माझ्या लेखी त्या दिवशीची श्रद्धांजली ती.

मला बोलायला सांगितलं होतं, मी दोन मिनिटं बोललो. चादरीचं आणि पिनांचं सांगितलं. खोडरबराचं नाही सांगितलं. माझ्या समोर नवी ताई बसली होती, तिचे डोळे सुजलेले होते. चूक तिची नाही, हे मी तिला कोर्टात सांगितलं, रात्री परत सांगितलं. तिला ते पटलेलं दिसत नाही. चूक कुणाची, याचा हिशेब मी अजून मांडतो आहे. वही उघडली असती तर गोपनीयता मोडली असती का? त्या एका मुलीची साडेतीन पानं समितीच्या परवानगीने आधीच काढता आली असती. शेवटी तेच केलं, फक्त सहा तास उशिरा. वही कुणी उघडू नये असं बाई म्हणाल्या होत्या, पण त्याच वहीत त्यांनी 'न विसरता नवीन साहेबांना दाखवणे' असं लिहिलं होतं. ते वाक्य त्यांनी स्वतःसाठी लिहिलं की पुढच्या माणसासाठी?

आता मी एक पानी नमुना केला आहे. 'हस्तांतर टिपण.' प्रत्येक मुलामागे वेगळं पान, वेगळं सीलबंद पाकीट, वर फक्त केस क्रमांक; सहाय्यक व्यक्ती बदलली तर समितीच्या आदेशाबरोबर तेवढंच पाकीट नव्या माणसाला. घटनेबद्दल त्यात एक अक्षर नाही. थांबण्याची खूण काय आणि ती मंजूर झाल्याची निशाणी किती, कुठल्या गाडीने यायचं, कुठले शब्द वापरायचे नाहीत, काय खातं, कधी खातं, साक्षीच्या वेळी आई आत हवी की बाहेर, कशाला घाबरतं. समितीने तोंडी मान्यता दिली आहे. लेखीसाठी फाइल वर गेली आहे. वरून विचारणा आली, की हा नमुना कुठल्या शासन निर्णयाच्या आधारे? उत्तर अजून लिहिलेलं नाही.

दुसरी फाइल बाईंच्या प्रवास बिलाची. मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावं असं नियमात आहे; बाई ते घेत नसत, फक्त तिकिटाचे पैसे घ्यायच्या, तेही अर्ध्या तिकिटाचे, कारण एसटीत त्यांना अर्धंच पडायचं. मशीनमधून निघालेलं तिकीट महिनाभरात पांढरं पडतं आणि कोषागार कोरा कागद म्हणून बिल परत करतं. म्हणून बाई प्रत्येक तिकिटाची त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ तिकीट तिच्यावर टाचायच्या. शेवटच्या बिलाला अशी सहा तिकिटं आहेत, तीन जाण्याची, तीन येण्याची. त्यातली दोन या मुलीच्या तारखेची. बिल पूर्ण भरलेलं आहे, फक्त सही राहिली. लेखापाल म्हणतात, वारसाचा अर्ज आणा. बाईंचा मुलगा म्हणतो, सोडून द्या साहेब, दोनशे रुपयांसाठी कशाला. मी सोडलेलं नाही. अर्जाचा मसुदा मीच तयार करून त्याला पाठवला आहे.

पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीची. मुलीला यायची गरज नाही. काय झालं ते त्याच संध्याकाळी फोन करून सांगायचं, असं बाईंच्या वहीत लिहिलं आहे.